सूर्यास्तापूर्वी उघडू नये

एका मंगळवारी सकाळी ठकीचे नाक लाल झाले.

नाकाचा एकूण आकार पाहता लालीचे क्षेत्र फार मोठे नव्हते. ठकी नुकती वर्षाची झालेली. तिचे नाक म्हणजे घाईघाईत चेहऱ्यावर टाचलेले बटण. आजोबा तिला बागेत घेऊन गेले, टोपी घरी खुंटीवर राहिली, घसरगुंडीपाशी मुंग्यांची रांग लागली होती ती बघत दोघे बसून राहिले आणि सूर्य आपल्या वेळेला वर आला. एवढेच घडले. ज्या घरात बाप सुतार, न्हावी किंवा कवी असतो, त्या घरात अशा नाकावर ओल्या फडक्याची घडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी टोपी न विसरता निघतात. ठकीचे वडील वस्त्रमानक कार्यालयात वरिष्ठ सहायक होते.

हे कार्यालय कापडाला शिस्त लावण्याचे काम करी. रुमाल कुठे संपतो आणि टॉवेल कुठे सुरू होतो, हे तिथे ठरे. वरिष्ठ सहायक स्वभावाने गरीब, कामाला वाघ. फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीची व्याख्या लागे. लग्नाला होकार देताना त्यांनी "होकार तत्त्वतः की अंतिम?" असे विचारले होते, हे त्यांचे सासरे, म्हणजे ठकीचे आजोबा, आलेल्या-गेलेल्याला अजून सांगत. सासरे त्यांच्याकडेच राहात, त्यामुळे ही गोष्ट वरिष्ठ सहायकांना वारंवार ऐकावी लागे.

"चूक माझी," सासरे म्हणाले. "टोपी विसरलो. उद्यापासून आधी तिच्या डोक्याला टोपी, मग माझ्या पायाला चप्पल."

"प्रश्न टोपीचा नाही, बाबा. प्रश्न धोरणाचा आहे."

वरिष्ठ सहायकांची बायको तरणतलावावर लहान मुलांना पोहायला शिकवी. तिचा निम्मा दिवस उन्हात आणि निम्मा शिटी वाजवण्यात जाई, त्यामुळे दोन्ही बाबतींत तिचे मत ठाम होते. "अहो, धोरण कसलं? हनुवटीखाली बंद बांधता येईल अशी टोपी घाला, लांब बाह्यांचा झबला घाला, दुपारचं सावलीत ठेवा. संपलं."

"अगं, पण टोपीची व्याख्या काय?"

"डोक्यावर बसते ती टोपी."

"डोक्यावर तर तूही बसतेस."

घरातली चर्चा त्या दिवसापुरती इथे थांबली, आणि ठकीचे नाक कार्यालयात गेले.

कार्यालयात त्या सुमारास सुतकी वातावरण होते. करण्यासारखे काही उरले नसल्याने वस्त्रमानक कार्यालय वजनमाप कार्यालयात विलीन करावे अशी कुजबुज वरून खाली येत होती. वजनमापवाल्यांकडे निदान तराजू तरी होता. संचालक दिवसभर खिडकीतून बाहेर बघत आणि कोणी आत आले की दचकत. अशा वेळी वरिष्ठ सहायकांनी त्यांच्यापुढे एक पान ठेवले. लहान मुलांची कातडी नाजूक असते. त्यांना दाट विणीचे सैल कपडे घालावेत, रुंद काठाची टोपी द्यावी, भर दुपारी सावलीत ठेवावे, असे त्यात साध्या भाषेत लिहिले होते.

संचालकांचा चेहरा आधी फुलला आणि पान संपता संपता उतरला.

"हे तर कोणालाही कळेल."

"हो, साहेब."

"मग आपण कशाला आहोत?"

 वरिष्ठ सहायकांनी पान उचलले, घरी आणले आणि जेवण झाल्यावर ठकीचा झबला दिव्यासमोर धरून दोन्ही हातांनी ताणला. वीण मोकळी झाली आणि पलीकडचा उजेड डोळ्यात आला. ते पुन्हा पुन्हा ताणून बघत राहिले. कापड ताणले की ऊन आत शिरते. मग कापड ताणते कोण? मूल ताणते. कसे? कोपर वाकवून.

"सापडलं!" ते ओरडले. "दोष कापडात नाहीच. कोपरात आहे!"

"तो झबला फाटला तर नवा तुम्ही शिवायचा," बायको म्हणाली.

पुढच्या गोष्टी एकातून एक निघत गेल्या, आणि प्रत्येक गोष्ट मागच्या गोष्टीपेक्षा सयुक्तिक होती. कोपर आणि गुडघा वाकू नये म्हणून बाहीला व पायाला बकरमचे कडक अस्तर आले. सुती कापड ओले झाले की त्यातून ऊन जास्त शिरते असे आढळल्याने बालकांनी लाळ गाळण्यास प्रतिबंध झाला. तरीही ज्यांची गळेल त्यांच्यासाठी हनुवटीखाली छज्जा बसवण्यात आला. फिक्या रंगापेक्षा गर्द रंग बरा, म्हणून सर्वांना एकच गर्द निळा. चेहऱ्यावर बारीक जाळी. शिवणीत सुई शिरते तिथे भोक पडते आणि भोक म्हणजे उन्हाला उघडे दार, म्हणून काजे, भरतकाम आणि नावाच्या पट्ट्या बंद. पाठीमागे एकच चेन, तीवर झाकण. ढगाळ हवेतही ऊन ढगातून गाळून येते, तेव्हा ढगाळ दिवसांना सवलत नाही. आणि या सर्वांचा कळस म्हणून प्रत्येक पाळणाघराच्या फाटकावर पाटी लागली: सूर्यास्तापूर्वी उघडू नये.

प्रत्येक मुलाला सक्तीच्या झालेल्या या पोशाखाचे अधिकृत नाव बालसूर्यरक्षक आवरण. लोक त्याला खोळ म्हणू लागले. कार्यालयाने यावर तीव्र हरकत घेतली, कारण खोळीचे मानक वेगळे होते.

पहिली खोळ अर्थातच ठकीला मिळाली. सासऱ्यांनी ती निळी गुंडाळी सगळ्या बाजूंनी न्याहाळली.

"जावईबापू, पोरगी आत आहे की नाही हे कळायचं कसं?"

"हलतंय ना."

"घड्याळाचा लंबकही हलतो."

ठकी त्याच आठवड्यात भिंत सोडून चालायला शिकली होती. खोळीत ती छत्रीसारखी भिंतीला टेकवून ठेवावी लागे. पुढे ढकलले की पुढे जाई, खुर्ची लागली की थांबे, आणि आतून काहीतरी रागावून सांगे, ते जाळीतून बाहेर येईपर्यंत घूं-घूं असे होई. वरिष्ठ सहायकांना ते ऐकून आत कुठेतरी टोचे. पण संचालकांनी त्यांना खुर्चीवर उशी मंजूर केली होती, विलीनीकरणाची कुजबुज बंद झाली होती आणि वजनमाप कार्यालयाचा तराजूच आता यांच्या ताब्यात येणार असे ऐकू येत होते. टोचण मनातल्या मनात राहिली.

मग परावर्तनाचा मुद्दा निघाला.

वरून येणारे ऊन अडवले, पण खालून, बाजूने, समोरून उडून येणाऱ्या उन्हाचे काय? पांढरा सदरा ऊन फेकतो. खिडकीची काच फेकते. पाळणाघराच्या फाटकाशी नेमलेल्या निरीक्षकाने पहिल्याच सकाळी ठकीला सोडायला गेलेल्या सासऱ्यांना अडवले. सासऱ्यांच्या डोक्यावर केस नावालाही नव्हते.

"आजोबा, डोकं झाका."

"का? मला नाही ऊन लागत."

"तुम्हाला लागत नाही, तुमच्यावरून उडून दुसऱ्यांच्या मुलांना लागतं. नियमात टक्कल 'चकाकणारे पृष्ठभाग' या सदरात येतं. घागरींच्या खालोखाल."

"आजवर माझ्या डोक्यावरून फक्त पाणी गेलं होतं," सासरे घरी येऊन जावयाला म्हणाले. "ऊन जातंय हे आज कळलं."

तेव्हापासून पालकांनाही पाळणाघराच्या परिसरात डोक्यापासून पोटरीपर्यंत एक ढगळ, काळपट अंगरखा सक्तीचा झाला. त्याला लोक झूल म्हणत. या वेळी कार्यालयाने हरकत घेतली नाही. झुलीचे मानक झालेले नव्हते.

आणि मग ती संध्याकाळ आली. संध्याकाळ कार्यालयीन अर्थाने; सूर्य अजून चांगला कासराभर वर होता.

वरिष्ठ सहायक झूल पांघरून ठकीला आणायला पाळणाघरात गेले. अंगणात भिंतीला ओळीने निळ्या खोळी टेकवून ठेवलेल्या होत्या. पाळणाघराच्या मावशी, त्याही झुलीत, त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ठकीला द्या, मावशी."

"तुम्ही कोण?"

"कोण म्हणजे? ठकीचा बाबा."

"झुलीतनं सगळे तेच सांगतात. बरं, थांबा." मावशी ओळीकडे वळल्या. "सकाळी मी जागा लावून ठेवल्या होत्या. मधे दोघातिघांना आत न्यावं लागलं, परत ठेवताना ओळ जरा इकडची तिकडे झाली." त्यांनी एक खोळ उचलून पाहिली, खाली ठेवली, दुसरी उचलली. "ही घ्या. वजनाला ठकीच वाटतेय."

"नक्की?"

"आता उघडून बघायची सोय तुम्ही ठेवलीत का?"

वरिष्ठ सहायक वरमले. त्यांनी खोळ खांद्यावर घेतली आणि घरची वाट धरली. वाटेभर आतून चकार शब्द आला नाही. घूं नाही, घां नाही. ठकीने शेवटी धोरणाचा स्वीकार केला, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला. "शहाणं माझं बाळ ते," ते खोळीला थोपटत म्हणाले. खोळीला उचकी लागली.

घरी आल्यावर त्यांनी पडदे लोटून घरापुरता सूर्यास्त केला, झाकण वर केले, चेन ओढली. बायको टॉवेल घेऊन उभी होती.

आतून एक मुलगा निघाला. गोल डोक्याचा, दोनच दात असलेला, घामाने चिंब. त्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि त्याची काही विशेष तक्रार दिसली नाही.

"अहो," बायको म्हणाली, "हा कोण?"

 एरवी अशा वेळी सासऱ्यांना काहीतरी सुचायचे. आज त्यांनी नुसता खुर्चीचा हात धरला. बायकोने टॉवेल त्या मुलाभोवती गुंडाळला, कारण त्याला वाऱ्यात ठेवणे बरे नव्हते, आणि मग नवऱ्याकडे बघून अगदी हळू विचारले, "माझी ठकी कुठे आहे?"

ती आधी निघाली, कडेवर परका मुलगा घेऊन. वरिष्ठ सहायक मागे धावले. गडबडीतही त्यांनी झूल घातली. हाडीमाशी खिळलेली सवय. मावशी फाटकाला कुलूप लावत होत्या.

"सगळी गेली," त्या म्हणाल्या. "जितकी आली तितकी गेली. मागे एकही उरलं नाही. कोणाची तक्रारसुद्धा नाही."

"तक्रार कशी असेल?" बायको कडाडली. "अजून कोणी उघडलंच नाहीये!"

ते खरे होते. सूर्य मावळायचा होता. रस्त्यावर, भाजीच्या दुकानापुढे, सायकलींच्या पुढच्या आसनांवर, जिकडे बघावे तिकडे झुली आणि झुलींच्या खांद्यावर निळ्या खोळी घरोघर निघाल्या होत्या.  यांतली कुठलीही ठकी असू शकत होती. आपलेच मूल हाकेच्या अंतरावर असावे आणि ते कुठले हे कळू नये, असे दुःख वरिष्ठ सहायकांनी कधी ऐकलेही नव्हते; आणि ते त्यांच्याच हातचे होते, प्रत्येक कलमासह.

कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर रांग होती. ते रांगेत शिरले. "ठकी! ए ठकी!" झुलीतून त्यांचा आवाज हंड्यातून आल्यासारखा आला. रांगेतल्या पालकांनी आपापल्या खोळी छातीशी घट्ट धरल्या.

"जरा दाखवता का?" त्यांनी एका धिप्पाड झुलीला विनवले. "कदाचित ही आमची असेल."

"तुमची कशी असेल? हा आमचा छोट्या आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? मी स्वतः आत्ता पाळणाघरातून आणलाय!"

"उघडून बघा ना एकदा," बायको म्हणाली.

"बाई, अजून सूर्य आहे," मागून एक आई घाबऱ्या आवाजात म्हणाली. "काही झालं तर पोराला?"

गलका ऐकून निरीक्षक आला. त्याने आधी आकाशाकडे पाहिले, मग रांगेकडे. "कोणीही उघडायचं नाही."

"मी वस्त्रमानकचा वरिष्ठ सहायक," वरिष्ठ सहायक म्हणाले. "हा नियम मी लिहिलाय."

"मग तर तुम्हाला पाठच असेल, साहेब."

"अहो, पण माझी मुलगी हरवली आहे!"

निरीक्षक माणुसकीचा होता. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका. ती सुरक्षित आहे. कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही, पण जिथे असेल तिथे अगदी सुरक्षित आहे."

वरिष्ठ सहायकांनी हे वाक्य ऐकले. त्यांना ते ओळखीचे वाटले. असेच वाक्य त्यांनी प्रस्तावनेत लिहिले असते, आणि संचालकांना ते आवडलेही असते. त्यांनी झुलीची गाठ सोडली आणि झूल रस्त्यावर टाकून दिली. आतला पांढरा सदरा उन्हात लखलखला. निरीक्षकाने डोळ्यांवर हात घेतला. आणि मग त्या भर रस्त्यात, ज्यांच्याकडून कोणी साधी शीळही ऐकली नव्हती अशा वरिष्ठ सहायकांनी दोन्ही गाल फुगवले, ओठ चंबूसारखे केले आणि बोटीच्या भोंग्याचा आवाज काढला. ठकीला आंघोळ घालताना ते रोज असा भोंगा वाजवत. बंद न्हाणीघरात, कोणाला कळू न देता.

"भोंऽऽऽप!"

 त्यांनी पुन्हा वाजवला. डोळ्यात पाणी होते, गाल फुगलेले होते. दिसायला ते काही बरे नव्हते. तिसऱ्या भोंग्याला धिप्पाड झुलीच्या खांद्यावरची खोळ थरथरली. तिचे ताठ हात वल्ह्यांसारखे वर-खाली आपटू लागले आणि जाळीच्या आतून खिदळण्याचा आवाज आला.

"आमचा छोट्या असा हसत नाही," धिप्पाड झूल चिंतेने म्हणाली.

बायकोने कोणाला विचारले नाही. झाकण उचलले, चेन सर्रकन खाली ओढली. आतून ठकी निघाली. केस कपाळाला चिकटलेले, घामाने निथळणारी, आणि उन्हाचा एक किरण न लागता नखशिखांत लालभडक. तिने बापाकडे बघितले, त्याचा फुगलेला गाल दोन्ही हातांनी दाबला, आणि तिचे कोपर किती सुरेख वाकते हे वरिष्ठ सहायकांनी फार दिवसांनी पाहिले.

कडेवरचा गोल डोक्याचा मुलगा धिप्पाड झुलीकडे गेला. मग मात्र रांगेत एकामागून एक चेन वाजत राहिली. कोणाचे आपलेच निघाले, कोणाचे शेजारच्याचे. बस आली आणि निघून गेली. चढायला कोणी मोकळे नव्हते. एका जोडप्याने आपले मूल बराच वेळ उलटसुलट करून पाहिले आणि "आपलंच असावं," अशा निष्कर्षाला येऊन ते घरी गेले. निरीक्षक सगळ्यांना दटावत होता, पण सूर्यही आता कंटाळून खाली उतरायला लागला होता.

चौकशी झाली. आवरण निर्दोष असून पालक ओळखण्यात कमी पडले, असा निष्कर्ष संचालकांनी मांडला. त्यावर वरिष्ठ सहायक उभे राहिले. नोकरीत प्रथमच ते न विचारता उभे राहिले होते.

"साहेब, चूक माझी आहे. पहिलं पान बरोबर होतं. ते तेवढंच ठेवायला हवं होतं."

संचालकांना आता कशाचीच ददात नव्हती. कार्यालयाला वरचा मजला मिळाला होता. त्यांनी उदारपणे सक्ती मागे घेतली. खोळ ज्याला हवी त्याने घालावी, नको त्याने घालू नये. ठकी पुन्हा हनुवटीखाली बंद बांधलेली रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा झबला घालून बागेत जाऊ लागली, दुपारी झाडाखाली बसू लागली आणि मुंग्या खाण्याचा प्रयत्न करू लागली. सासऱ्यांना मोकळ्या डोक्याने फिरता येऊ लागले. उरलेल्या खोळी आता स्कूटर झाकायच्या कामी येतील, असे वरिष्ठ सहायकांना वाटले.

त्यांनी ती गोष्ट लपवली नाही. उलट भेटेल त्याला सांगू लागले, भोंग्यासकट. शेजारी पोट धरून हसले. कार्यालयातले डबे बाजूला सारून हसले. बसथांब्यावरचा धिप्पाड गृहस्थ तर छोट्याला घेऊन मुद्दाम घरी आला आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकून हसला. "काय एकेक मूर्ख असतात, नाही?" म्हणाला.

मग डोळे पुसून झाल्यावर प्रत्येक जण जरा पुढे सरके आणि आवाज खाली आणून विचारी, "बरं, पण ते आवरण मिळतं कुठे? सक्ती नकोच. तो मूर्खपणाच. पण आपलं एक असावं घरात. समोरच्यांनी दोन घेऊन ठेवलीत म्हणे."

सक्ती होती तेव्हा लोक शिव्या घालून एक खोळ घेत. आता दुकानापुढे उजाडल्यापासून रांग लागते, आणि दुपारी रांगेतली कडेवरची मुले उन्हात तापून रडतात.

तुम्हीही हसला असालच. चांगले झाले. आता जरा पुढे सरका आणि जे विचारायचे ते विचारून टाका, संकोच नको. दुकानाचा पत्ता वरिष्ठ सहायकांना तोंडपाठ झाला आहे.